पिस्तुलाची प्रश्नपत्रिका

क्रॉयडन म्हटले की इंग्लंडात राहणाऱ्या मराठी माणसांना आधी लूनर हाउस आठवते. व्हिसा, मुदतवाढ, कायमचा परवाना अशा कुठल्या ना कुठल्या कामासाठी गृहखात्याच्या त्या उंच इमारतीशी ज्यांचा संबंध आला नाही अशी घरे थोडीच. त्याच क्रॉयडनमध्ये मिचम रोडवर लष्कराचे एक केंद्र आहे. रॉयल लॉजिस्टिक कोअरच्या १५१ रेजिमेंटचे मुख्यालय तिथे असते. ही राखीव दलाची रेजिमेंट. म्हणजे इथली बहुतेक माणसे आठवडाभर आपापल्या नोकऱ्या करतात आणि संध्याकाळी किंवा सुट्टीच्या दिवशी गणवेश चढवून सरावाला येतात. काम वाहतुकीचे: दारूगोळा, इंधन, शिधा ट्रकवर चढवायचा आणि लढणाऱ्यांपर्यंत पोचवायचा.

लष्कराने नवे पिस्तूल घेतले अशी बातमी वाचली की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो काळा बुरखा घातलेला कमांडो. निवड करणाऱ्यांना मात्र मिचम रोडवरचा हा ड्रायव्हरही डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. कमांडो वर्षाकाठी हजारो गोळ्या झाडून हात तयार ठेवतो. राखीव दलातल्या माणसाच्या हातात पिस्तूल क्वचित येते. दोघांच्याही कमरेला एकच हत्यार लावायचे आहे, ते दोघांच्याही हातात चालले पाहिजे आणि दोघांपैकी कोणाच्याही हातून चुकून सुटता कामा नये. हे जमवायचे कसे, याचा शोध घेत गेले की एका किलोहूनही हलक्या वस्तूमागे केवढा विचार असतो ते पाहून मन थक्क होते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. सैनिकाचे खरे हत्यार रायफल. पिस्तुलाने लढाया जिंकल्या जात नाहीत, हे प्रत्येक लष्कराला पक्के ठाऊक असते. पिस्तूल असते ते रायफल बिघडल्यावर, रायफल हाताशी नसल्यावर, किंवा जिथे रायफल फिरवायलाच जागा नाही तिथे वापरण्यासाठी: रणगाड्याच्या पोटात, हेलिकॉप्टरच्या कॉकपिटमध्ये, गाडीच्या स्टिअरिंगमागे, अरुंद खोलीच्या दारात. बहुतेक पिस्तुले आपल्या सगळ्या सेवाकाळात शत्रूवर एकदाही झाडली जात नाहीत. पण ज्या दिवशी एखादे बाहेर काढावे लागते त्या दिवशी बाकीचे सगळे उपाय संपलेले असतात. म्हणून या दुय्यम हत्याराची परीक्षा इतकी कडक.

ब्रिटिश लष्कराच्या कमरेला चार दशकांहून अधिक काळ होते ते ब्राउनिंग हाय-पॉवर. लष्करी यादीत त्याचे नाव एल९ए१. ब्राउनिंग हे नाव मराठी वाचकाला परके नाही. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, ते पिस्तूल ब्राउनिंगच होते. सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन यांच्या पेटीतून पाठवलेल्या वीस ब्राउनिंग पिस्तुलांची हकीकत शाळेपासून आपण ऐकत आलो आहोत. ती पिस्तुले आणि ब्रिटिश लष्कराचे हाय-पॉवर यांचा जनक एकच, जॉन मोझेस ब्राउनिंग हा अमेरिकन कारागीर.

हाय-पॉवर हे त्याच्या शेवटच्या कामांपैकी एक. बेल्जियममधल्या हर्स्टल गावी एफएन कंपनीच्या कारखान्यात काम करत असतानाच २६ नोव्हेंबर १९२६ रोजी तो वारला. अर्धवट राहिलेले पिस्तूल द्यूदोने सेव्ह या बेल्जियन अभियंत्याने पूर्ण केले आणि १९३५ मध्ये ते बाजारात आले. त्याच्या मुठीतल्या मॅगझीनमध्ये काडतुसे दोन रांगांत, एकमेकांना खेटून बसत. त्यामुळे सात-आठ गोळ्यांच्या त्या जमान्यात या पिस्तुलात तेरा मावत. पुढे दुसरे महायुद्ध पेटले. जर्मनांनी हर्स्टलचा कारखाना ताब्यात घेऊन हेच पिस्तूल आपल्या सैन्यासाठी बनवले, तर दोस्त राष्ट्रांनी कॅनडात टोरंटोच्या जॉन इंग्लिस कंपनीकडून तेच पिस्तूल दीड लाखांच्या वर बनवून घेतले. एकाच आराखड्याचे हत्यार दोन्ही बाजूंच्या खंदकांत होते. युद्धानंतर ब्रिटनने आपली जुनी रिव्हॉल्व्हरे बाजूला ठेवून हाय-पॉवर घेतले. भारतीय सैन्याचे ९ मिलिमीटरचे पिस्तूलही याच घडणीचे. बंगालमधल्या इशापूर रायफल फॅक्टरीत ते बनत आले आहे.

मग इतके नावाजलेले पिस्तूल बदलायचे कशाला? झिजलेल्या नळ्या आणि सुटे भाग हे एक कारण होतेच. पण खरे कारण जाणून घ्यायचे तर ते कमरेला कसे बाळगले जाई ते पाहावे लागेल.

हाय-पॉवर झाडायचे तर त्याचा घोडा आधी मागे ओढलेला हवा. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या कप्प्यात, गोळी, घोडा ताणलेला आणि फक्त अंगठ्याची छोटी सेफ्टी लावलेली, अशा स्थितीत ते हजारो सैनिकांच्या कमरेला द्यायला लष्कराचे मन धजत नसे. म्हणून नियम असा की मॅगझीन भरलेले, पण चेंबर रिकामे. सुरक्षित, यात शंका नाही. पण मग गरज पडली की पिस्तूल बाहेर काढायचे, दुसऱ्या हाताने वरची स्लाइड मागे खेचून सोडायची म्हणजे पहिले काडतूस चेंबरमध्ये जाणार, आणि मग नेम धरायचा. मैदानावर सरावात हे झटकन होते. पण तो दुसरा हात मोकळा नसेल तर? तो जखमी असेल, स्टिअरिंगवर असेल, कोणाला तरी मागे ढकलत असेल, तर?

अफगाणिस्तानात हा प्रश्न जिवावर आला. तिथे ब्रिटिश सैनिक अफगाण सैनिक-पोलिसांना शिकवत होते, त्यांच्याबरोबर एकाच ठाण्यात राहत होते. २०१२ साली अशाच सहकाऱ्यांपैकी कोणी तरी अचानक बंदूक फिरवल्याच्या घटना वाढल्या. हल्ला दोन-चार पावलांवरून, सावध होण्याआधीच. अशा वेळी हाताशी असते ते पिस्तूल, आणि वेळ असतो तो सेकंदांत मोजण्याइतका. त्याआधीच तातडीची खरेदी म्हणून सिग सॉअर कंपनीची काही पिस्तुले घेतली गेली होती. पण सगळ्या दलांसाठी एकच नवे पिस्तूल ठरवणे भाग होते.

जानेवारी २०१३ मध्ये ब्रिटिश संरक्षण मंत्रालयाने निकाल सांगितला. ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीचे ग्लॉक १७, चौथी पिढी. नग पंचवीस हजारांहून अधिक, होल्स्टरसकट करार ९० लाख पौंडांचा, पुरवठादार हॅरोगेटची व्हायकिंग आर्म्स. लष्करी नाव एल१३१ए१. मॅगझीनमध्ये १३ ऐवजी १७ गोळ्या, वजन कमी, नेम अधिक अचूक, असे मंत्रालयाने सांगितले. या सगळ्यात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो मुद्दा वेगळाच आहे: हे पिस्तूल चेंबरमध्ये गोळी ठेवून बाळगता येते. काढले, चाप दाबला. एका हाताचे काम.

हे कशामुळे शक्य झाले? ग्लॉकला बाहेर घोडाच नाही. आत एक स्प्रिंग लावलेली सुई असते आणि ती अर्धवटच ताणलेली असते. उरलेला ताण चाप ओढणारे बोट देते. चापाच्या मधोमध एक छोटी पट्टी आहे. बोट नीट तिच्यावर पडल्याखेरीज चाप हलत नाही. सुईच्या वाटेत एक आडकाठी उभी असते, तीही चाप ओढल्यावरच बाजूला होते. तिसरी व्यवस्था पिस्तूल पडले तर सुई सुटू देत नाही. या तिन्ही कुलुपांची किल्ली एकच, चाप. सैनिकाला वेगळी कळ शोधावी लागत नाही. अंधारात, घामाने निसटत्या बोटांनी, छाती धडधडत असताना कुठली सेफ्टी वर आणि कुठली खाली हे आठवावे लागत नाही. क्वचित सराव करणाऱ्या ड्रायव्हरला याचा जेवढा उपयोग, तेवढाच कमांडोलाही.

अर्थात याची किंमत आहे. कुलूप चापातच असल्यामुळे बोट चापाबाहेर ठेवण्याची शिस्त हाडीमासी खिळवावी लागते. म्हणजे धोका नाहीसा झाला नाही, तो यंत्रातून प्रशिक्षणात सरकला. लष्कराने तो तिकडे जाणीवपूर्वक सरकवला, कारण प्रशिक्षण त्याच्या हातात होते आणि अफगाणिस्तानातले ते दोन सेकंद नव्हते. प्रत्येक निवडीत असा एक सौदा असतो. कुठले अपयश आपण सोसू शकतो आणि कुठले नाही, हे आधी ठरवावे लागते. मगच बाजारात जाता येते.

म्हणून मला वाटते, पिस्तूल निवडले जाते ते चाचणीच्या मैदानावर जाण्याच्या खूप आधी, अटी लिहिणाऱ्याच्या टेबलावर. प्रश्नपत्रिका ज्याने काढली त्याने निम्मा निकाल लावलेला असतो. आणि पिस्तुलांच्या इतिहासातली सर्वांत सुंदर प्रश्नपत्रिका, योगायोग असा की, ग्लॉकच्याच जन्माची आहे.

१९८० साली ऑस्ट्रियाच्या लष्कराला आपले महायुद्धकालीन वॉल्थर पी३८ बदलायचे होते. त्यांनी सतरा अटी लिहिल्या. त्या वाचताना एखाद्या शहाण्या, सोसलेल्या माणसाने हाताशी बसवून एकेक सांगितल्यासारखे वाटते. काडतूस नाटोचे ठरलेले ९ मिलिमीटरचेच हवे. मॅगझीन भरायला वेगळे साधन लागू नये. झाडण्यापूर्वीच्या आणि नंतरच्या सगळ्या क्रिया एका हाताने करता आल्या पाहिजेत, मग तो उजवा असो की डावा. दोन मीटर उंचीवरून पोलादी पत्र्यावर पडले तरी गोळी सुटता कामा नये. उघडायला, पुसायला हत्यारे लागू नयेत. सुटे भाग ५८ हून जास्त नसावेत, आणि एका पिस्तुलाचा कुठलाही भाग दुसऱ्यात काही न घासता-ठोकता बसला पाहिजे. पहिल्या दहा हजार गोळ्यांत वीसपेक्षा जास्त वेळा अडखळता कामा नये. हाताने सहज मोकळी होणारी अडचणही मोजायची. पंधरा हजार गोळ्या झाल्यावर नेहमीच्या सुमारे अडीच हजार बार दाबाऐवजी पाच हजार बार दाबाचे काडतूस झाडायचे आणि तरी महत्त्वाचे भाग शाबूत राहिले पाहिजेत. बाहेर उडणाऱ्या पुंगळीने झाडणाऱ्याला इजा होऊ नये. आणि एकूण गुणांत सत्तर टक्क्यांखाली उतरलेल्याचा विचारच नाही.

पिस्तूल पोलादाचेच असावे असे या अटींत कुठेही नाही. लाकूड नाही, घोडा नाही, पिस्तूल कसे दिसावे याचे अक्षर नाही. ते काय करील आणि काय करणार नाही, एवढेच विचारलेले. त्यामुळे कधीही पिस्तूल न बनवलेल्या माणसाला दार उघडे राहिले. गॅस्टन ग्लॉक तेव्हा पन्नाशीचा होता. डॉइच-वाग्राम या गावात त्याचा छोटा कारखाना. पडद्यांचे रॉड तो बनवी. लष्कराला सुऱ्या आणि फावडी पुरवी. जुन्या पिस्तुलांचे ओझे डोक्यात नव्हते हाच त्याचा फायदा. त्याने जाणत्यांना बोलावून विचारले, बाजारातली पिस्तुले आणून खोलून पाहिली, आणि सांगाडा नायलॉनसारख्या कृत्रिम द्रव्यातून ओतला. पहिले नमुने तो डाव्या हाताने झाडून पाही असे सांगतात: फुटलेच तर रेखाटने करायला उजवा हात राहावा म्हणून. सुटे भाग ५८ च्या मर्यादेपुढे सुमारे ३४ भरले. त्याच स्पर्धेत हेकलर अँड कॉख, सिग, बेरेटा, ऑस्ट्रियाचीच श्टायर अशी नामवंत घराणी होती. ब्राउनिंग हाय-पॉवरची सुधारलेली आवृत्तीही होती. १९८२ मध्ये ऑस्ट्रियाने ग्लॉक निवडले. पहिली मागणी पंचवीस हजारांची. तीस वर्षांनी ब्रिटनने जवळपास तेवढाच आकडा नोंदवला. आणि नावातला १७ मॅगझीनमधल्या गोळ्यांचा वाटला तरी तो ग्लॉकच्या पेटंटांचा क्रमांक आहे. हे त्याचे सतरावे.

दहा हजार गोळ्या कशासाठी, हजार का पुरत नाहीत, असे कोणालाही वाटेल. इथे संख्याशास्त्राचा एक साधा आणि देखणा नियम मदतीला येतो. एखादे पिस्तूल ३,००० वेळा झाडले आणि ते एकदाही अडकले नाही, तर आपण ९५ टक्के खात्रीने एवढेच म्हणू शकतो की त्याचे अडकण्याचे प्रमाण हजारात एकाहून कमी असावे. त्याहून जास्त काही नाही. तीनशे गोळ्या निर्विघ्न झाडल्या तर खात्री फक्त शंभरात एकाची. म्हणजे जेवढी दुर्मिळ चूक पकडायची, तिच्या तिप्पट तरी झाडत राहिले पाहिजे. शिवाय एकाच पिस्तुलावर भागत नाही, कारण कारखान्यातून येणारा हजारावा नग पहिल्यासारखाच असेल कशावरून? म्हणून एकाच कंपनीची अनेक पिस्तुले घ्यायची, त्यांचे भाग काढून एकत्र मिसळायचे, पुन्हा जोडायचे आणि मग झाडायचे. वाळूत, चिखलात, मिठाच्या पाण्यात, गोठवून, तापवून. थकलेल्या माणसाच्या हातून, हातमोजे घालून, डावखुऱ्याच्या हातून. ब्रिटनमध्ये पायदळाच्या साधनांचे असे हाल करण्यासाठी विल्टशरमधल्या वॉर्मिन्स्टर इथे इन्फंट्री ट्रायल्स अँड डेव्हलपमेंट युनिट या नावाची स्वतंत्र तुकडीच आहे. तिथे सैनिक स्वतः वापरून नोंदी करतात आणि त्या नोंदी ब्रिस्टलजवळच्या अॅबी वुडमधल्या खरेदी विभागाकडे जातात.

पण हातांचे काय? माणसाच्या हाताचे माप एक नसते. पूर्वी लष्कर म्हणजे ठरावीक उंची-बांध्याचे पुरुष. आज त्यात स्त्रिया आहेत, गुरखे आहेत, नाना वंशांची माणसे आहेत. चौथ्या पिढीच्या ग्लॉकमध्ये मुठीच्या पाठीवर लावायच्या वेगवेगळ्या जाडीच्या पट्ट्या मिळतात, आणि मॅगझीन सोडायची कळ डाव्या हातासाठी उलट बाजूला बसवता येते. तपशील छोटा दिसतो, पण ज्याचे बोट चापापर्यंत नीट पोचत नाही त्याच्यासाठी बाकी सगळी चाचणी व्यर्थ आहे.

प्रश्न बदलला की उत्तर कसे बदलते, याचे उदाहरण शंभर वर्षांपूर्वीचे आहे. अमेरिकेने विचारले: समोरचा माणूस जागीच थांबला पाहिजे, त्याला काय लागेल? उत्तर आले .४५ इंचाचे जड काडतूस. मग मार्च १९११ मध्ये शेवटची परीक्षा झाली. दोन दिवसांत एकेका पिस्तुलातून ६,००० गोळ्या; फार तापले की पाण्यात बुडवायचे आणि पुन्हा सुरू. सॅव्हेज कंपनीचे पिस्तूल ३७ वेळा अडखळले. कोल्टने सादर केलेले ब्राउनिंगचे एकदाही नाही. ते अमेरिकन सैन्यात सात दशकांहून अधिक काळ टिकले. ब्रिटनने पहिल्या महायुद्धानंतर वेगळा प्रश्न विचारला: भरतीच्या लाटेत आलेल्या नवख्या माणसाला थोड्या दिवसांत नीट नेम धरता येईल असे काय आहे? उत्तर आले .४५५ वरून खाली उतरून .३८. त्यातून १९३२ चे एनफील्ड रिव्हॉल्व्हर निघाले. पुढे त्याच्या एका आवृत्तीत घोड्याचे वर आलेले टोक काढूनच टाकले. रणगाड्यातून चढता-उतरता ते अडकते, अशी तिथल्या माणसांची तक्रार होती असे सांगतात.  

प्रश्नपत्रिका लांबली तर काय होते तेही पाहिले पाहिजे. अमेरिकेने अलीकडे आपले बेरेटा बदलायला घेतले तेव्हा अटींचे कागद साडेतीनशे पानांच्या वर गेले. २०१६ मध्ये लष्करप्रमुख जनरल मार्क मिली यांनीच जाहीरपणे उद्वेग व्यक्त केला: एका पिस्तुलासाठी दोन वर्षे चाचण्या आणि १ कोटी ७० लाख डॉलर कशाला? त्यांचा त्रागा समजतो. जानेवारी २०१७ मध्ये सिग सॉअरचे पी३२० निवडले गेले, ग्लॉकने हरकत घेतली, ती फेटाळली गेली. पण लष्कराच्या चाचण्यांतच असे दिसले होते की विशिष्ट कोनात पडल्यावर हे पिस्तूल सुटू शकते. चापाचे भाग हलके करून घेतल्यावरच ते स्वीकारले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने बाजारात विकलेल्या पिस्तुलांसाठीही दुरुस्ती जाहीर केली. दोन मीटरवरून पोलादी पत्र्यावर पाडून पाहणारी ऑस्ट्रियाची ती जुनी अट आठवा. जनरल साहेबांबद्दल आदर ठेवून सांगतो, पाने कमी करावीत, पण पाडून पाहणे कमी करू नये.

किमतीचे गणित मात्र फार वेळ घेत नाही. ९० लाख पौंडांना पंचवीस हजारांनी भागले तर होल्स्टरसह नग साधारण ३६० पौंडांना पडतो. खर्च खरा सुरू होतो तो त्यानंतर: हत्यारांची देखभाल करणाऱ्या आर्मररांना नव्याने शिकवणे, सुट्या भागांचा साठा, सरावाच्या गोळ्या. काडतूस तेच राहिले हे शहाणपणाचे. गेओर्ग लुगर या ऑस्ट्रियन अभियंत्याने १९०२ मध्ये काढलेले ९ बाय १९ मिलिमीटरचे काडतूस पिस्तुले बदलली, साम्राज्ये बदलली तरी चालूच आहे. क्रॉयडनच्या ट्रकवर चढणाऱ्या पेटीत ते असते आणि भारतीय सैन्याच्या पिस्तुलातही तेच.

आता सर्वांत नवलाची गोष्ट. गोळी सुटते तेव्हा नळीच्या आत वातावरणाच्या दोन-अडीच हजार पट दाब असतो. त्या क्षणी मागची बाजू उघडली तर झाडणाऱ्याचाच हात जाईल. म्हणून नळी आणि स्लाइड काही मिलिमीटर एकमेकींत अडकूनच मागे सरकतात. तोवर गोळी बाहेर पडते, दाब उतरतो. मग नळीचे मागचे टोक किंचित खाली झुकते, स्लाइड मोकळी होऊन मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर उडते, आणि परत येताना स्लाइड नवे काडतूस चेंबरमध्ये घालते. डोळ्याचे पाते लवायच्या आत हे सगळे उरकते. नळी झुकवण्याची ही युक्ती जॉन ब्राउनिंगची. हाय-पॉवरमध्ये ती होती, आणि ज्या ग्लॉकने हाय-पॉवरला बाजूला सारले त्याच्यातही, थोडी सोपी होऊन, तीच आहे. सांगाडा बदलला, चाप बदलला, घोडा गेला. १९२६ मध्ये हर्स्टलला वारलेल्या त्या कारागिराची नळी मात्र अजून तशीच झुकते आहे.

क्रॉयडनमध्ये सामान्य माणसाला यातले काही पाहायला मिळत नाही. १९९६ च्या डनब्लेन शाळेतल्या हत्याकांडानंतर, १९९७ च्या कायद्यांनी ब्रिटनमध्ये खासगी पिस्तुले जवळजवळ पूर्ण बंद झाली. रस्त्यावरचा बहुतेक पोलीसही निःशस्त्र असतो. सशस्त्र तुकडीच्या कमरेला दिसलेच तर ते ग्लॉक. शहरात पिस्तूल दिसू नये असे ठरवणारा आणि सैनिकाच्या पिस्तुलाची इतक्या बारकाईने परीक्षा घेणारा देश एकच आहे, आणि मला दोन्ही गोष्टी एकाच जबाबदारीतून आलेल्या दिसतात.

आपल्याकडेही अशी कामे चालू आहेत, तीही पुण्यात. पाषाणच्या आर्मामेंट रिसर्च अँड डेव्हलपमेंट एस्टॅब्लिशमेंटने, म्हणजे एआरडीईने, महूच्या इन्फंट्री स्कूलबरोबर ‘अस्मी’ हे ९ मिलिमीटरचे मशीन पिस्तूल तयार केले. जानेवारी २०२१ मध्ये ते जाहीर झाले. लेफ्टनंट कर्नल प्रसाद बनसोड यांचे नाव त्याच्याशी जोडलेले आहे. आराखड्यापासून नमुन्यापर्यंत चार महिने लागले. चापाचे काही भाग धातूच्या थ्रीडी प्रिंटिंगने बनवले, खालचा सांगाडा कार्बन फायबरचा, आणि एका नगाचा खर्च पन्नास हजार रुपयांच्या आत राहील असा अंदाज तेव्हा सांगितला गेला. ते साध्या पिस्तुलाची जागा घेणारे नाही, जवळच्या लढाईचे आहे. पण ज्याला वापरायचे तो सैनिक आणि ज्याला घडवायचे तो अभियंता एका टेबलाशी बसले की काय होते, ते त्यात दिसते. ऑस्ट्रियात हाच संवाद सतरा अटींच्या कागदावरून झाला होता.

तेव्हा यापुढे आपल्या सैन्याच्या नव्या हत्याराची बातमी आली की किंमत आणि स्वदेशी-विदेशी एवढे वाचून पान उलटू नका. अटी कोणी लिहिल्या, किती गोळ्या झाडल्या, किती वेळा अडकले, किती उंचीवरून पाडून पाहिले आणि कोणाकोणाच्या हातांत देऊन पाहिले, हे विचारा. गुपित ठेवण्यासारखे यात फारसे नसते, आणि ज्याच्या कमरेला ते लागणार आहे त्याच्या वतीने हे विचारणे आपले काम आहे.